वापर नगण्य

खोटं लिहिलंत तुम्ही. वेबची प्रमाणं, म्हणजे वेबसाइट नि ब्राउझर कसे असावेत त्याचे नियम, ठरवणारी तुमची ती समिती, तिच्या पानावर करड्या चौकटीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलंत, 'वापर नगण्य असल्याने ही सोय काढून टाकण्यात येत आहे.' आणि त्याखाली, 'मुदतीत कुणाची हरकत आली नाही.' हा नगण्य कोण, कुठे बसतो, दिवसभर काय करतो, हे बघायला तुमच्यातला एक जणही खुर्चीतून उठला नाही. मग आता बसल्या जागी ऐका.

त्या नगण्य माणसाला घरी दादा म्हणतात. बस डेपोच्या चौकशी खोलीत तो फोनवर असतो. लहानपणीच नजर गेली, जीभ मात्र दोघांच्या वाटणीची मिळाली. डाव्या कानाला फोन आणि उजव्या कानात इअरफोन, त्यात कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज. तो आवाज दादाने इतका जोरात पळवलेला की दुसऱ्या कुणी ऐकला तर वाटावं, डब्यात माशी कोंडलीय. दादाला त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

"नदीपलीकडची शेवटची गाडी गेली का हो?"

"नाही गेली, काका. पण तुम्ही आणि मी असेच बोलत बसलो तर जाईल. निघा!"

लोक दुसऱ्यांदा फोन करायचे तेव्हा त्यालाच मागायचे. बाकीचे चौकशीवाले डोळ्यांनी बघून सांगायचे, तरी दादा त्यांच्या आधी सांगून मोकळा. यात जादू काही नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीने त्याच्या बोटांच्या मापाचं पान बेतून दिलं होतं, एवढंच.

ही बहीण वेबसाइट बनवते. पूर्वी शिलाईच्या दुकानात आल्टरेशनला होती. गिऱ्हाईक नसलं की शेठच्या जुनाट कॉम्प्युटरवर लोकांच्या वेबसाइट आतून उघडून बघायची. कापड कसं कापलंय ते कळायला शिवण उसवून बघावी, तशी. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही, उसवत उसवत शिकली. वेबवाल्यांचं एक मंडळ दर महिन्याला जमायचं, तिथे तिला शिंपीण म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग तिने स्वतःच छातीवरच्या बिल्ल्यावर ठळक अक्षरांत 'शिंपीण' लिहायला सुरुवात केली आणि म्हणणाऱ्यांची मजाच गेली.

डेपोचं पान तिने तुमच्याच प्रमाणाप्रमाणे केलेलं. त्यात तुमचीच एक सोय होती. पानावरच्या कुठल्याही रकान्याला एक अक्षर बांधून ठेवायचं. कीबोर्डवरची एक ठरावीक कळ धरून ते अक्षर दाबलं की माणूस थेट त्या रकान्यात. शिंपिणीने थांब्याला 'थ' बांधला, मार्गाला 'म', उशिराला 'उ'. फोनवरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत दादा मुक्कामी पोचलेला असे.

मग एका सकाळी ब्राउझर आपलाआपण नवा झाला. दादा कामावर आला, फोन वाजला, त्याने 'थ' दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. कानातला आवाज गप्प. मग त्याला आठवलं की अशा वेळी टॅबची कळ दाबत दाबत एकेक पायरी उतरायची असते. 'मुखपृष्ठ, दुवा. आमच्याविषयी, दुवा. संचालकांचा संदेश, दुवा. छायाचित्रे, दुवा. सूचना, दुवा.' थांब्याचा रकाना यायला इतका वेळ लागला की पलीकडची बाई म्हणाली, "अहो, झोपलात का?"

दादाने माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. शिंपीण कणीक मळत होती.

"छोटे, तुझं पान आजारी पडलंय."

"बघितलं मी दुपारी. पान ठणठणीत आहे. सोयच काढून टाकलीय वरून."

"वरून म्हणजे? देवाने?"

"समितीने."

"मग कठीण आहे. देवाला निदान शिव्या तरी पोचतात."

तिने हातपाय मारले नाहीत असं समजू नका. जुना ब्राउझर परत बसवून बघितला. मुख्य कचेरीच्या संगणक विभागाने सुरक्षेचं कारण सांगून दुसऱ्या दिवशी नवाच पुन्हा माथी मारला. स्वतःचा कोड लिहून अक्षरं पुन्हा बांधली. पण दादाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दाबलेली कळ आधी स्वतः गिळतं, आणि प्रमाणात नोंद असलेली अक्षरंच तेवढी पुढे सोडतं. नोंद तर तुम्हीच पुसली होतीत. पानाच्या वरचे सगळे दुवे उचलून तळाला टाकले. थोडा फरक पडला. लंगड्याला जिना उतरायला कठडा मिळावा, तेवढा.

मग तिने तुमच्याकडे तक्रार टाकली. नीट, मुद्देसूद, चित्रांसकट. काही दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि कुणी पाहिलं नाही याच कारणावरून तुमच्या यंत्रमानवाने ती बंद केली : 'बरेच दिवस हालचाल नसल्यामुळे ही तक्रार बंद करत आहोत. तुमच्या योगदानाबद्दल मनापासून आभार!' शेवटी एक लाल बदाम. तिने पुन्हा उघडली, आणि हालचाल करायची जबाबदारी नेमकी कुणाची होती, असं विचारलं. त्यावर एका खऱ्या माणसाने हात लावला. उत्तर नाही दिलं. तक्रारीला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'सूर', आणि पुन्हा बंद केली. म्हणजे काय मोडलंय ते राहिलं बाजूला, ही बाई बोलते कशी, तो गुन्हा.

इकडे डेपोत मोठे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक पडदा टांगलेला, त्यावर ताटकळलेले फोन लाल रंगात दिसायचे. पडदा दिवसभर लाल. त्यांनी शिंपिणीला बोलावून घेतलं.

"हे बघा ताई, महिनाअखेरपर्यंत थांबतो मी. तोवर पान पहिल्यासारखं झालं तर उत्तमच. नाहीतर ते नवं यंत्र लावून टाकू. एक दाबा, दोन दाबा वालं."

"आणि दादा?"

"ते प्रतीक्षालयात बसतील. छान टेबल देतो. पगाराला धक्का नाही हां!"

"काम काय तिथे?"

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. "काम म्हणजे... बसायचं."

घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं. दादाने उचललेला पहिला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "बसायचं? मी काय कुंडी आहे?"

आणि ताटावरून उठला. ताटावरून न जेवता उठलेला दादा तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता.

काढलेली सोय परत आणायचा रस्ता तिने तुमच्याच नियमांतून शोधून काढला. कुणातरी सदस्याने आपल्या नावाने विषय पुढच्या बैठकीत मांडायचा. बाहेरच्या माणसाला ती मुभा नाही. पुढची बैठक महिना संपायच्या आतच होती. आणि तुमच्यातलाच एक सदस्य त्या महिन्यात मंडळाचा पाहुणा म्हणून येणार होता. शिंपिणीला वाटलं, समोरासमोर एक माणूस सापडतोय. माणसाशी बोलता येतं.

मंडळ जमतं ते एका कंपनीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे खुर्च्या कमी आणि मोठाल्या मऊ गाद्या जास्त. त्यात बसलं की उठायला दुसऱ्याचा हात लागतो. तिथे जमणारी मंडळी वाईट आहेत असं म्हणवत नाही. कुणाचा कोड अडला तर तासभर डोकं लावतील. पण त्याच खोलीत, कोडच्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा टॅबने सोडायची की स्पेसने, यावरून दोन मोठे बाप्ये एकमेकांशी वर्षभर अबोला धरून आहेत. आता ही जागा आपोआप नीट करून देणारं साधन आलंय, तर ते साधन कुठलं वापरायचं यावरून आणखी दोघे बोलत नाहीत.

संयोजकाला सगळे आप्पा म्हणतात. तिशीही ओलांडली नाहीये, पण बोलणं पेन्शनरासारखं. दारातच त्याने शिंपिणीला गाठलं.

"ए शिंपीण, आज जरा सूर सांभाळ हं. पाहुणे मोठे आहेत."

"मी गाणार नाहीये, आप्पा."

"बघ! हेच. हेच म्हणतोय मी."

मंडळाचा एक रिवाज आहे. भाषणानंतर प्रश्न विचारायचा तो प्रश्नच असला पाहिजे. कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण ठोकायला लागला की आप्पा टेबलावरची घंटी वाजवतो आणि त्या माणसाला खाली बसावं लागतं. रिवाज चांगला आहे. घंटी कुणासाठी लवकर वाजते आणि कुणासाठी उशिरा, हा वेगळा मुद्दा.

पाहुणा उंच, हसतमुख, पायात कॅनव्हासचे बूट. विषय होता 'हलका वेब'. जुनं सामान किती साचलंय, ब्राउझर कसे फुगलेत, आपण कसं निर्दयपणे झाडलं पाहिजे. निर्दयपणे हा शब्द त्याने लाडाने उच्चारला. मग पडद्यावर आलेख लावला. एक रेघ, जमिनीला टेकून सरळ चाललेली.

"ही त्या अक्षरं बांधायच्या सोयीची. आहे का काही हालचाल? नाडी लागत नाही. आम्ही तिला सन्मानाने पोचवलं."

सभागृह हसलं. शिंपिणीने हात वर केला.

"ही रेघ कुणाची?"

"वापरणाऱ्यांची."

"मोजलं कुणी?"

"ब्राउझरने. कुठली सोय किती वापरली जाते, त्याचा निनावी अहवाल तो पाठवतो. अर्थात ज्यांनी अहवालाचं बटण चालू ठेवलंय त्यांचाच."

"आणि ज्यांनी बंद केलंय ते?"

"ते आम्हाला दिसत नाहीत. दिसले असते तर मोजलेच असते की!" पुन्हा हशा.

शिंपीण वळली आणि तिने गाद्यांत रुतलेल्या मंडळींकडे पाहिलं. "इथे कुणीकुणी ते बटण बंद केलंय? हात वर करा बरं."

आधी पुढचे हात वर आले, अभिमानाने. मग मधले. मग सगळे. कारण गेल्या वर्षी ह्याच मंडळाने 'मला मोजू नका' नावाची मोहीम काढली होती. कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात, तेव्हा अहवालाचं बटण बंद करा. एक अख्खा रविवार ही मंडळी गटागटाने वाचनालयात, दवाखान्यात, अंधशाळेत, बस डेपोत गेली होती आणि लोकांच्या मशीनवरची बटणं मोफत बंद करून आली होती. दादाच्या मशीनचं बटण आप्पाने स्वतः बंद केलं होतं. जाताना मॉनिटरच्या कडेला मोहिमेचा स्टिकरही चिकटवला होता, दादाला वाचायला! आणि त्या मोहिमेचं पहिलं भाषण, ह्याच पडद्यासमोर, ह्याच पाहुण्याने केलं होतं. त्याचाही हात सवयीने खांद्यापर्यंत वर आलाच होता. तिथून त्याने तो केसांकडे वळवला.

बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, काहीतरीच! पण ही माणसं अशीच आहेत. एका हाताने बटणं बंद केली आणि म्हणाली, कुणाला मोजू देऊ नका. दुसऱ्या हाताने मोजलं, आणि म्हणाली, कुणीच नाही.

"मग ही रेघ जमिनीला टेकलीय ती तुमच्यामुळे टेकलीय," शिंपीण म्हणाली. "माझा भाऊ डोळ्यांनी बघत नाही. दिवसभर तो हीच सोय वापरतो. तुम्हीच त्याला झाकलंत आणि तुम्हीच म्हणताय दिसला नाही. महिनाअखेरीला त्याचं काम जातंय."

टिंग.

"शिंपीण, हे विधान झालं," आप्पा म्हणाला. "प्रश्न काय आहे?"

प्रश्न विचारायला ती तोंड उघडते तोवर मागच्या गादीतून एक चष्मेवाला म्हणाला, "मुद्दा रास्त आहे, पण मग मोजणीचंच नवं प्रमाण हवं." दुसरा म्हणाला, त्याला मोजणी म्हणू नका, लोक बिचकतात, 'कानोसा' म्हणा. तिसऱ्याला 'कानोसा' गावठी वाटलं. झालं! सगळे तुटून पडले. दोन मिनिटांपूर्वी सगळ्यांचे हात वर होते, आणि आता त्या हातांनी ते हवेत नावं लिहीत होते. दादाला त्यांनी असा बाजूला ठेवला, जसा जेवताना पानातला कढीपत्ता. कुणाच्या मनात काही पाप नव्हतं. त्याचाच तर संताप येतो.

भाषणं संपल्यावर पाहुण्याने तिला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. आवाज खाली आणून म्हणाला, "खूप ताकद आहे तुमच्या गोष्टीत. असं करू या का? पुढच्याच आठवड्यात वार्षिक परिषद आहे, तिथे तुमच्या भावाला मंचावर आणू. आधी एक छोटी फिल्म. बोटं, कीबोर्ड, चेहरा जवळून. मागे हळू संगीत. लोक हेलावतील. मग समितीलाही विचार करावा लागेल."

"आणि फिल्म नसेल तर?"

"मग आकडा आणा. पद्धत आहे ना शेवटी."

"आकडा तुम्हीच पुसलाय."

"म्हणून तर फिल्म म्हणतोय," तो म्हणाला, आणि खरोखर मायेने हसला.

शिंपीण जिन्यात गेली. खरं सांगायचं तर तिचं मन डळमळलं होतं. फिल्म तर फिल्म. चार माणसं डोळे पुसतील, दादाचं काम राहील. हेलावलेल्या माणसांकडून मिळालेलं कामही कामच असतं. तिने डेपोचा नंबर लावला. फोन बराच वेळ वाजत राहिला, पूर्वी कधी वाजला नव्हता इतका.

"चौकशी."

"दादा, मी आहे."

"बोल लवकर. रांग लागलीय."

तिने सांगितलं. फिल्म, मंच, संगीत, सगळं. पलीकडे नुसता टॅबचा टकटक आवाज. तेवढ्यातही तो दुसऱ्या कुणाचा तरी थांबा शोधत होता.

"छोटे, मी लोकांना गाडी कुठे उभी आहे ते सांगतो. रडवायचं काम माझ्याकडे नाही."

"अरे, पण त्याने होईल कदाचित. तुझी खोली राहील."

"राहील. आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं काही काढलं की दुसरा आंधळा मंचावर चढवायचा? मग तिसरा? त्यांचं कपाट आवरून होईस्तोवर आम्ही नाचत राहायचं?" मग हळू आवाजात, "मला ती खोली हवी आहे गं. किती हवी आहे ते तुला माहीत आहे. पण अशी नको. फोन ठेव. लोक खोळंबलेत."

त्याने आधी ठेवला.

ती वर आली तेव्हा पाहुणा निघाला होता. आप्पा त्याची बॅग धरून लिफ्टपाशी उभा. लिफ्ट आली, पाहुणा आत शिरला, दार सरकायला लागलं. शिंपिणीने मध्ये पाय घातला. दार तिच्या चपलेवर आदळून मागे गेलं.

"शिंपीण, हे आपल्या आचारसंहितेत बसत नाही!" आप्पा म्हणाला.

"मग काढ मला मंडळातून. पण घंटी वाजवू नकोस, मघाशी राहिलेला प्रश्न विचारतेय." ती पाहुण्याकडे वळली. "माझा भाऊ मंचावर येणार नाही."

"अरेरे. मी समजू शकतो त्यांचं दुःख..."

"दुःख कोण विचारतंय? समितीत विषय कोण मांडतं?"

"सदस्य."

"तुम्ही सदस्य आहात?"

"आहे, पण समिती सहमतीने चालते. मी एकटा काय करणार?"

"काढताना सहमती होती?"

"कुणी हरकत घेतली नव्हती. तशीच पद्धत आहे."

"हरकत घेणाऱ्यांना आत यायला दार नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून तुमची सहमती. बरं. तुमची रेघ खोटी आहे, हे आज तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की नाही?"

दार पुन्हा आलं, पुन्हा आदळलं, पुन्हा मागे गेलं. पाहुण्याने आप्पाकडे पाहिलं. आप्पाने बॅगेकडे.

"हे बघा, तुम्ही एक ईमेल टाका. मी बघतो."

"ईमेल नाही. तक्रार नाही. फिल्म नाही. तुमच्या मोजणीत चूक आहे, आणि ती चूक तुम्हाला ठाऊक आहे. महिना संपायच्या आत बैठक आहे. तिथे उभं राहून, स्वतःच्या नावाने, 'आम्ही चुकीचं मोजलं' असं म्हणून हा विषय मांडणार की नाही? बघतो म्हणू नका. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी पाय काढणार नाहीये. बोला!"